चिंध्यांची गोधडी शिवायचीय? मग आधी सगळे तुकडे एका मापात कापून ठेवा

शिवणकाम करणाऱ्या घरात तुकडे साठतातच, एक पिशवी भरते, मग दुसरी भरते, आणि "कधीतरी गोधडी करू" म्हणत त्या कपाटावर जातात ते तिथेच राहतात. याला लोक आळस म्हणतात पण मला ते अजिबात पटत नाही. तुकडे मापात कापलेले नसतात म्हणून काम सुरूच होत नाही. अर्धा तास मोकळा मिळाला आणि तो पिशवी उपसण्यात, इस्त्री करण्यात आणि माप ठरवण्यातच गेला तर मशीनवर बसणार कधी? तेच चौकोन कापून डब्यात रचून ठेवलेले असतील तर मधल्या दहा मिनिटांतही पाच-सहा जोड्या शिवून होतात. म्हणून इथे कापण्यावरच जास्त लिहितेय, शिलाई त्यामानाने सरळ आहे, टीप सरळ मारता येत असली की बास.

पहिली छाटणी रंगावरून करू नका, कापडाच्या जातीवरून करा. सुती एकीकडे, सिंथेटिक एकीकडे, टीशर्टसारखं ताणलं जाणारं होजिअरी वेगळं आणि जीन्ससारखं जाड वेगळं. सुती कापड धुतल्यावर आटतं, पॉलिस्टर आटत नाही, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी शिवले की पहिल्या धुण्यातच जोडावर चुण्या पडतात आणि त्या नंतर इस्त्रीनेही जात नाहीत. शिवाय सुतीला लागते तेवढी गरम इस्त्री पॉलिस्टरवर फिरली तर ते वितळतं. कापड कसलं आहे ते कळत नसेल तर कडेचे दोन-चार धागे चिमट्यात धरून सिंकपाशी जाळून बघा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि राख बोटांनी चुरली जाते, पॉलिस्टर आक्रसून वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की पुढे हात लावूनच अंदाज यायला लागतो.

जुन्या कपड्यांचे तुकडे असतील तर ते किती झिजलेत ते बघा. उजेडासमोर धरा, आणि दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. विरलेलं कापड लगेच चर्र करतं, तसलं काहीही गोधडीत घालू नका, कितीही आवडता ड्रेस असला तरी. कारण तो एक चौकोन फाटला की तो बदलायला आजूबाजूच्या शिलाया उसवाव्या लागतात. शर्टाची पाठ आणि बाह्यांचा वरचा भाग सहसा धड असतो, कॉलर आणि कोपरं गेलेली असतात. शर्ट कापताना शिलाई उसवत बसू नका, शिलाईच्या कडेकडेने कात्री चालवा, वेळ निम्मा लागतो. आणि बटणं काढून घ्या!

कोरं कापड असेल तर धुवूनच वापरा. गडद लाल, निळा, काळा असले रंग जातात का हे बघायला तुकडा गरम पाण्यात थोड्या साबणात अर्धा तास ठेवायचा, मग ओला असतानाच पांढऱ्या फडक्यावर वाळायला टाकायचा. फडक्यावर डाग आला तर तो तुकडा परत धुवा, तरीही येत असेल तर सरळ बाजूला काढा.

आता कापणं. माझ्या मते सुरुवातीला एकच माप धरा, ५ इंचाचा चौकोन. ज्यातून तो निघत नाही त्यातून अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या काढा, लांबी कितीही असू दे. त्याहून लहान ते एका पिशवीत, ते पुढे कामाला येतात. इथे एका हिशोबाकडे लक्ष द्या कारण बरेच जण यात अडकतात. चार छोटे चौकोन जोडून ५ इंचाचा एक तुकडा करायचा असेल तर छोटे चौकोन अडीचचे कापून चालत नाही, मधल्या शिलाईत अर्धा इंच जातो आणि तुकडा साडेचारचाच होतो. ते पावणेतीन इंचाचे कापावे लागतात.

साचा म्हणून जाड पुठ्ठा चालतो, पण खडूने सारखं आखून आखून त्याच्या कडा झिजतात आणि माप नकळत कमी व्हायला लागतं, म्हणून दर थोड्या दिवसांनी पट्टीने तपासा किंवा सरळ कडक प्लास्टिकच्या शीटचा साचा करा. रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा) आणि त्याखाली ठेवायची मॅट असेल तर उत्तमच, चार थर एकदम कापता येतात, पण त्याचं पातं फार धारदार असतं, प्रत्येक वेळी बंद करून ठेवायची सवय लावा. कात्री असेल तर ती कापडासाठीच ठेवा, कागदाला लावू नका.

कापताना चौकोनाची बाजू कापडाच्या धाग्याला समांतर हवी. किनार शिल्लक असेल तर काम सोपं, नसेल तर तुकडा दोन बाजूंनी धरून ओढून बघा, सरळ धाग्यावर तो जवळजवळ ताणला जात नाही आणि तिरका म्हणजे उरेब ओढला की रबरासारखा लांबतो. उरेब कापलेले चौकोन शिवताना लांबतात, मग रांगा एकमेकींना जुळत नाहीत आणि आपल्याला वाटतं शिलाई वाकडी गेली.

पहिली गोधडी लहान करा. ८ चौकोन रुंदीला आणि १० लांबीला, एकूण ८०. पाच इंचाचा चौकोन शिवल्यावर साडेचारचा राहतो म्हणजे तयार माप साधारण ३६ बाय ४५ इंच. पायांवर घ्यायला किंवा बाळाला जमिनीवर खेळवायला अंथरायला हे माप छान आहे (एक वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना मात्र त्याच्या अंगावर किंवा पाळण्यात सुटी गोधडी ठेवू नका, तोंडावर येण्याचा धोका असतो). मोठी हवी असेल तर १० बाय १४ मांडा, १४० चौकोन, ४५ बाय ६३ इंच.

सगळे चौकोन जमिनीवर मांडून घ्या. रंगांची जुळवाजुळव करत तासन् तास घालवायची गरज नाहीये, गडद आणि फिकं यांची वाटणी नीट झाली की चिंध्यांची गोधडी आपोआप बरी दिसते. मोबाईलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाईट करा, गडद तुकडे एका कोपऱ्यात गोळा झाले असतील तर लगेच दिसतं. मांडणी पक्की झाली की प्रत्येक रांगेची चळत करून वर नंबराची चिठ्ठी टाचणीने लावायची.

शिवताना माया (टिपेपासून कापडाच्या कडेपर्यंतचं अंतर) पाव इंच ठेवायची, पण ती पाव इंच आहे हे मशीनच्या खुणेवर विश्वास ठेवून मानू नका. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या घ्या, एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर माया जास्त जातेय, सुई एखादा घर सरकवा किंवा मशीनवर चिकटपट्टी लावून नवी खूण करा. एवढं बारीक कशाला बघायचं असं वाटेल, पण प्रत्येक जोडात दोन्ही कापडांचं मिळून सूतभर म्हणजे ⅛ इंच जरी जास्त गेला तरी दहा चौकोनांच्या रांगेत नऊ जोड असतात, म्हणजे रांग इंचभराहून जास्त आखूड होते.

टाका २ ते २.५ मिलिमीटर, सुई ८० नंबरची आणि नवी. जोड्या एकामागून एक मशीनमध्ये सरकवत जा, मधे दोरा कापू नका, सगळ्यांची माळ तयार होते आणि शेवटी एकदम कापायची, यात दोरा आणि वेळ दोन्ही वाचतं. रांगा तयार झाल्या की पहिल्या रांगेतल्या शिलाया उजवीकडे पाडून इस्त्री करा, दुसरीतल्या डावीकडे, तिसरीतल्या परत उजवीकडे. मग दोन रांगा एकमेकींवर ठेवल्या की जोडाच्या जागी दोन्हीकडचे फुगीर भाग बोटाला एकमेकांत अडकलेले कळतात, तिथेच टाचणी लावायची, कोपरे अगदी नेमके जुळतात. इस्त्री घासू नका, उचलून ठेवा, घासली की कापड ओढलं जातं.

आत काय घालायचं? जुनी सुती चादर, विटलेलं पातळ ब्लँकेट, किंवा विकतचं कॉटन बॅटिंग (गोधडीत घालायचा कापसाचा तयार थर). सुट्या कापसाच्या नादी पहिल्यांदा लागू नका, तो सरकून गोळे होऊ नयेत म्हणून शिलाया खूप जवळ जवळ घालाव्या लागतात. खालचं अस्तर आणि आतला थर चारी बाजूंनी ३ इंच जास्त ठेवा. अस्तर उलटं करून जमिनीवर पसरायचं, कडा चिकटपट्टीने ताणून चिकटवायच्या (ताठ, पण ओढून नाही), वर आतला थर, त्यावर जोडलेला भाग सुलटा. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला मूठभर अंतरावर सेफ्टी पिना लावा, हाताने शिवणार असाल तर लांब कच्चे टाके घाला. या कामात घाई केली की मागच्या बाजूला घडी शिवली जाते, आणि ती दिसते सगळं संपल्यावर.

हाताने धावदोरा घालायचा तर दोरा १८ इंचाहून लांब घेऊ नका, गुंतत राहतो आणि सारखा कापडातून ओढला जाऊन विरतो. गाठ मारल्यावर सुई फक्त वरच्या थरातून आत घालून हलका झटका द्यायचा, टप् असा बारीक आवाज येतो आणि गाठ आत जाऊन बसते, वरून काहीच दिसत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, सुरुवातीला अडचण वाटते पण तीन थरांतून सुई ढकलायची म्हणजे बोट वाचवायलाच हवं. मशीनवर करणार असाल तर टाका ३ ते ३.५ वर आणा, वॉकिंग फूट (वरचा आणि खालचा थर एकदम सरकवणारा मशीनचा पाय) असेल तर लावा, नसेल तर सावकाश आणि फक्त सरळ रेषा. दोन्ही प्रकारांत मधल्या रेषेपासून कडेकडे जायचं. मध्ये चादर असेल तर रेषांत ३-४ इंच अंतर पुरतं.

जास्तीचं अस्तर आणि आतला थर वरच्या भागाच्या कडेबरोबर कापून टाका, मग कडेला गोट, म्हणजे कडा झाकणारी पट्टी. ३६ बाय ४५ चा घेर १६२ इंच, वर १० इंच कोपऱ्यांना आणि शेवटच्या जोडाला, म्हणजे १७२. अडीच इंच रुंद आणि ४० इंच लांब पट्ट्या पाच काढा, तिरक्या जोडल्या की पुरून उरतात. पट्टी लांबीतून दुमडून इस्त्री करायची, कच्च्या कडा गोधडीच्या कडेला लावून पुढून शिवायची, कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून पट्टी वर दुमडून परत खाली आणायची, मग मागे वळवून हाताने हेम. हा गोट संध्याकाळी गप्पा मारता मारता होतो, मला यातला सगळ्यात आवडता भाग हाच.

राहिलेल्या चिंध्यांचं काय? बारीक तुकडे जुन्या चादरीच्या तुकड्यावर एकमेकांना चिकटून शिवत गेलं की हवं तेवढं नवं कापड तयार होतं. त्यातून १६ इंचाच्या उशीला अभ्रा: पुढे १७ इंचाचा चौकोन, मागे १७ बाय १२ चे दोन तुकडे, त्यांची एकेक लांब बाजू दुमडून शिवायची आणि एकावर एक चढवून चारी बाजूंनी टीप मारायची. चेन नको, बटण नको. जीन्सचे तुकडे आणि जुना टॉवेल एकत्र शिवलं की पायपुसणं उत्तम होतं. गरम भांडी धरायचे पॅड करणार असाल तर सगळे थर सुतीच घ्या, सिंथेटिकचा एकही नको, वितळून हाताला चिकटतं.

आणि एकाच वेळी तीन-चार कामं अर्धवट असतील, जी असतातच, तर प्रत्येकाची वेगळी पिशवी करा. त्यात तोच दोरा, तोच साचा, आणि एक चिठ्ठी: पुढे काय करायचंय. "रांग ६ आणि ७ जोडायची, ७ ची शिलाई उजवीकडे" एवढं लिहिलेलं असलं की दोन महिन्यांनी पिशवी उघडली तरी तिथूनच सुरू करता येतं.

गोधडी पूर्ण झाली की पहिलं धुणं गार पाण्यात, एकटीच, मशीन हलक्या सायकलवर. वाळत घालताना एका टोकाने लटकवू नका, ओलं वजन सगळं शिलाईवर येतं, दोन दोऱ्यांवर पसरून टाका आणि रंग टिकायला सावलीत.