१८०७ सालचं लिव्हरपूल कथेत आणताना या चुका टाळा

ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आली त्या काळातलं लिव्हरपूल बंदर उभं करायचं म्हटलं, की पहिला प्रसंग बहुधा ठरलेला असतो: धक्क्यावर साखळदंडातल्या आफ्रिकी माणसांची रांग आणि बोली लावणारे व्यापारी. घोळ इथेच होतो. लिव्हरपूलची जहाजं कापड, बंदुका, पितळी सामान घेऊन पश्चिम आफ्रिकेला जायची, तिथून माणसं कोंबून वेस्ट इंडीजला, आणि घरी यायची ती साखर, कापूस, रम घेऊन. शहरात काळी माणसं राहत होती, काही घरांत नोकरही होती. पण तो मोठा बाजार भरायचा समुद्रापलीकडे.

मग क्रौर्य दाखवायचं कुठे? दुकानाच्या काचेत. या व्यापाराविरुद्ध पुरावे गोळा करणारा थॉमस क्लार्कसन १७८७ मध्ये इथे आला, तेव्हा त्याला एका दुकानात हातकड्या, बेड्या, अंगठे चिरडायचा स्क्रू असं सगळं विक्रीला मांडलेलं दिसलं. शेजारी वर्तुळ काढायच्या कंपासासारखं एक हत्यार. अन्न नाकारणाऱ्या माणसाचे दात त्यानं फाकवायचे आणि घास कोंबायचा. क्लार्कसननं ते विकत घेतलं. तुमचं पात्र रोज त्याच काचेपुढून पाव आणायला जातं, एवढं लिहिलंत तरी अंगावर काटा येईल.

लाल विटांचा अल्बर्ट डॉक मात्र काढून टाका. तो १८४६ चा.

गावाला एकाच रंगात रंगवू नका. एडवर्ड रश्टन तरुणपणी गुलामांच्या जहाजावर होता. तळात डोळ्यांची साथ आली, तिथल्या माणसांना अन्नपाणी देताना त्यालाही लागण झाली आणि दृष्टी गेली. पुढे तो याच व्यापाराविरुद्ध कविता लिहीत राहिला. खासदार विल्यम रॉस्को यानं बंदीच्या बाजूनं मत दिलं, तर मे १८०७ मध्ये गावी परतताना जमावानं त्याला अडवलं. त्या जमावातल्या खलाशालाही घर आणि पोरंबाळं द्या. त्याचा राग पोटापाण्याच्या काळजीतून आलेला आहे, म्हणून तो रास्त ठरत नाही.

सगळ्यात जास्त चुकते ती तारीख. १८०७ च्या कायद्यानं व्यापार थांबवला, गुलामगिरी नव्हे. ती मोडणारा कायदा १८३३ चा, आणि तेव्हाही २ कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली. बंदी लागू झाली ती १ मे १८०७ ची सकाळसुद्धा घंटानादानं उजाडवू नका. 'किटीज अमेलिया' या गुलामांच्या जहाजानं त्याआधीच बंदरातून निघायचा परवाना काढून ठेवला होता, आणि कॅप्टन ह्यू क्रो ते घेऊन आफ्रिकेकडे निघाला २७ जुलैला.