ओपनस्पेकमध्ये नवा चेंज कसा सुरू करावा: डेल्टा लिहिताना हात आखडू नका

एआय एजंटकडून कोड लिहून घ्यायचा तर आधी स्पेक (सॉफ्टवेअरने कसं वागावं याचं लेखी वर्णन), मग कोड, ही पद्धत आता बऱ्याच जणांनी धरली आहे. त्यासाठीच्या साधनांत गिटहबचं स्पेक किट आहे, अ‍ॅमेझॉनचं किरो आहे. मी ओपनस्पेक वापरतो, कारण माझ्याकडे येणारी बहुतेक कामं आधीपासून चालू असलेल्या सॉफ्टवेअरमधली असतात. ओपनस्पेकची मांडणी अशा कामाला सोयीची पडते. आज सॉफ्टवेअर जसं वागतं ते 'स्पेक्स' फोल्डरमध्ये आणि उद्या जसं वागायला हवं ते 'चेंजेस' फोल्डरमध्ये. तिथला एकेक बदल म्हणजे एक चेंज. काम संपलं की चेंज आर्काइव्ह करायचा आणि त्यातला फरक मूळ स्पेकमध्ये जाऊन बसतो.

"एजंटला सांगा, तो सगळं लिहितो" असा सल्ला देणारे व्हिडिओ भरपूर आहेत. एजंट लिहितो हे खरं आहे. नंतर निस्तरायचं मात्र आपल्याला असतं. नोड २०.१९ किंवा त्यापुढचं आहे, ओपनस्पेक इन्स्टॉल झालंय आणि प्रोजेक्टमध्ये 'इनिट' ही सुरुवातीची कमांड चालवलीय, असं धरून पुढे लिहितो.

१. चेंज लागतोय का ते बघा

स्पेकमध्ये लिहिल्याप्रमाणे कोड वागत नसेल तर तो बग आहे. सरळ दुरुस्त करा, चेंज काढू नका. शुद्धलेखनाच्या चुका आणि लायब्ररीची नवी आवृत्ती यांनाही चेंज लागत नाही. वागणूक बदलणार असेल तरच चेंज.

२. कोण काय करतंय ते बघा

'ओपनस्पेक लिस्ट' चालवा, चालू असलेले चेंज दिसतील. ज्या रिक्वायरमेंटला (स्पेकमधल्या एका नियमाला) तुम्ही हात लावणार आहात तिलाच दुसरा एखादा चेंज आधीपासून लटकलेला असेल तर आधी तो मार्गी लावा. दोन्ही चालू ठेवलेत तर नंतर आर्काइव्ह होणारा चेंज आधीच्याचं लिखाण पुसून टाकेल.

३. नाव

इंग्रजी लहान अक्षरं, मध्ये हायफन, सुरुवात क्रियापदाने: ऍड-फॅट-बोनस. 'मिल्क-फिक्स-टू' हे नाव नव्हे. नावात 'आणि' घालावासा वाटला तर ते दोन चेंज आहेत.

४. फोल्डर

'ओपनस्पेक न्यू चेंज' आणि पुढे नाव. झालं.

५. प्रपोजल

यातलं 'का' स्वतःच्या हाताने लिहा. एजंट इथे "वापरकर्त्याचा अनुभव सुधारण्यासाठी" असलं काहीतरी लिहितो आणि पुढची सगळी कामं त्या भुसभुशीत वाक्यावर उभी राहतात. गिऱ्हाईक फोनवर जे बोललं तेच लिहा. 'काय बदलणार' आणि 'कशावर परिणाम' हे भाग एजंटने लिहिले तरी चालतात. अर्ध्या पानापेक्षा लांब प्रपोजल मी वाचत नाही, लिहीतही नाही.

६. डेल्टा स्पेक

हा लेख या पायरीसाठी लिहिला आहे.

डेल्टा म्हणजे मूळ स्पेकमध्ये होणारा फरक. तो अ‍ॅडेड, मॉडिफाइड, रिमूव्ह्ड आणि रिनेम्ड अशा मथळ्यांखाली लिहायचा असतो. नावच 'फरक' असल्यामुळे माणूस फक्त फरक लिहितो. मीही तेच केलं होतं.

काम होतं एका दूध संकलन केंद्राचं. गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). त्यापेक्षा कमी भरलं की पॉइंटमागे (दर ०.१ ला) कपात, एसएनएफ फारच खाली गेलं तर दूध परत. स्पेकमध्ये 'दर काढणे' ही एक रिक्वायरमेंट आणि तिच्याखाली चार सिनॅरिओ (नियम लागू होतो त्या परिस्थिती) होते: प्रमाणात बसणारं दूध, फॅट कमी, एसएनएफ कमी, दूध नाकारणे. मालकांना ३.५ च्या वरच्या फॅटला पॉइंटमागे वाढीव पैसे द्यायचे होते. मी मॉडिफाइडच्या मथळ्याखाली 'दर काढणे' असं लिहिलं आणि त्याखाली वाढीव फॅटचा एकच नवा सिनॅरिओ लिहिला. बाकीचे चार तर मूळ फाइलमध्ये आहेतच, परत कशाला लिहायचे?

व्हॅलिडेट (स्पेकचा साचा तपासणारी कमांड) हिरवं आलं. कोड बरोबर लिहिला गेला, टेस्ट पास झाल्या, मी चेंज आर्काइव्ह केला. आर्काइव्ह करताना मॉडिफाइडखालचा ब्लॉक मूळ ब्लॉकमध्ये मिसळला जात नाही. जुना ब्लॉक उचलून त्याच्या जागी नवा बसवला जातो. माझ्या स्पेकमध्ये पाचऐवजी एकच सिनॅरिओ उरला आणि मला पत्ताही लागला नाही, कारण कोडमध्ये सगळं शाबूत होतं.

तीन आठवड्यांनी म्हशीच्या दुधाचा चेंज काढला. एजंटने इमानदारीने स्पेक वाचला. त्यात एसएनएफच्या कपातीचा उल्लेख नव्हता. म्हणून त्याने कपातीचा कोड आणि तिच्या टेस्ट दोन्ही काढून टाकल्या, आणि कामाच्या यादीत "स्पेकमध्ये आधार नसलेला भाग काढला" अशी नोंदही केली. मी ती ओळ वाचली होती. वाचून मला बरं वाटलं होतं, हे जास्त लाजिरवाणं.

दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो. त्या पगारात पातळ दुधालाही पूर्ण दर गेला. जास्त पैसे मिळाल्याची तक्रार कोण करतं? हिशेबनिसाला फरक दिसेपर्यंत दुसरा पगारही वाटून झाला होता.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: मॉडिफाइड लिहायचं तर मूळ स्पेक उघडायचा, रिक्वायरमेंटच्या मथळ्यापासून तिच्या शेवटच्या सिनॅरिओपर्यंतचा अख्खा ब्लॉक उचलून चेंजमध्ये चिकटवायचा, आणि मग त्यात बदल करायचा. आठवणीतून लिहायचं नाही. एजंटलाही लिहू द्यायचं नाही, कारण तो 'थोडक्यात' मांडतो आणि त्या थोडक्यात एखादी अट गळते. "ब्लॉक जसाच्या तसा कॉपी कर, मग मला विचार" असं त्याला स्पष्ट सांगा.

त्याहून बरं म्हणजे मॉडिफाइड टाळता येतं का ते आधी बघा. नवी गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहत असेल तर ती अ‍ॅडेडखाली नवी रिक्वायरमेंट म्हणून लिहा. 'वाढीव फॅटचा दर' ही वेगळी रिक्वायरमेंट केली असती तर माझं काहीच बिघडलं नसतं. जुन्या वाक्याचा अर्थ खरोखर बदलतो तेव्हाच मॉडिफाइड.

मराठीत स्पेक लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मजकूर मराठीत चालतो. मी लिहितो, मालकांना वाचून दाखवता येतो. पण मथळ्यातले ठरलेले शब्द इंग्रजीच ठेवावे लागतात, आणि प्रत्येक रिक्वायरमेंटच्या वाक्यात शॅल किंवा मस्ट हा शब्द रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत हवा. 'केलेच पाहिजे' लिहून व्हॅलिडेटरचं समाधान होत नाही. दुसरी गोष्ट जास्त छळते. मॉडिफाइडमधलं रिक्वायरमेंटचं नाव मूळ नावाशी तंतोतंत जुळावं लागतं. माझ्या एका रिक्वायरमेंटचं नाव 'शेतकऱ्याचे बिल' होतं. मूळ फाइलमधला 'ऱ्य' एका कीबोर्डवरून टाइप केलेला, चेंजमधला दुसऱ्या. एकात 'ऱ' हे एकच अक्षर, दुसऱ्यात 'र' आणि खाली नुक्ता अशी दोन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण प्रोग्रॅमला ती दोन वेगळी नावं. आर्काइव्ह म्हणत राहिलं की असं नाव सापडत नाही, आणि मी अर्धा तास डोळे फाडून बघत बसलो. आता रिक्वायरमेंटची नावं इंग्रजीत ठेवतो आणि तीही कॉपीच करतो.

आता सिनॅरिओ. "योग्य दर लावावा" असं लिहिणार असाल तर लिहूच नका. आकडे घाला. जेव्हा गाईच्या दुधाचं फॅट ४.० आणि एसएनएफ ८.५ भरतं, तेव्हा मूळ दरावर ५ पॉइंटांची वाढ मिळते. हे लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप समोर येतो: फॅट ४.२ आणि एसएनएफ ८.३ असेल तर? वाढ द्यायची, कपात करायची, की दोन्ही? एजंटला विचारलंत तर तो दोन्ही एकत्र लावून मोकळा होतो. मी मालकांना फोन केला. ते म्हणाले, "छे, एसएनएफ कमी असेल तर वाढ नाही. तेल मारलेलं दूध असंच दिसतं." हे कुठल्याही कागदावर नव्हतं. असा एक तरी फोन करावा लागला नाही, तर सिनॅरिओ अजून पुरेसे टोकदार झालेले नाहीत असं मी समजतो.

सिनॅरिओच्या मथळ्याला चार हॅश (#). तीन नाही, बुलेटही नाही. नाहीतर तो मोजलाच जात नाही.

७. डिझाइन

डेटाबेस बदलणार असेल किंवा बाहेरची नवी सेवा जोडायची असेल तर लिहा. एरवी सोडून द्या.

८. टास्क

एजंटला लिहू द्या. एक टास्क एका बैठकीत संपेल एवढाच हवा. 'काढून टाकणे', 'साफसफाई' किंवा 'आधार नसलेला' असा शब्द दिसला की थांबा, मूळ स्पेक आणि गिटचा इतिहास (फाइलींत कधी काय बदललं त्याची नोंद) उघडून बघा.

९. तपासणी आणि सुरुवात

'ओपनस्पेक व्हॅलिडेट' चेंजच्या नावासह चालवा, पुढे 'स्ट्रिक्ट'. हा फक्त साचा तपासतो, मजकुरातलं त्याला काही कळत नाही. माझ्या एकाच सिनॅरिओलाही त्याने हिरवा कंदील दिला होता. त्यामुळे कोड लिहायला सांगण्याआधी मी मूळ स्पेक आणि डेल्टा शेजारी शेजारी उघडतो आणि दोन्हीकडचे सिनॅरिओ बोटाने मोजतो. मूळचे चार, नवा एक, डेल्टात पाच दिसलेच पाहिजेत. मग चेंजचं फोल्डर गिटमध्ये कमिट करतो, चर्चेचं सेशन बंद करतो आणि नव्या कोऱ्या सेशनमध्ये अप्लाय (कोड लिहायला लावणारी कमांड) देतो. जुन्या सेशनमध्ये आपण बोललेल्या, मग सोडून दिलेल्या कल्पना एजंटच्या डोक्यात तशाच असतात, आणि त्या कोडमध्ये उगवतात.

काम संपून आर्काइव्ह केल्यावर स्पेक्स फोल्डरचा गिट डिफ उघडा आणि लाल, म्हणजे काढलेल्या, ओळी एकेक करून वाचा. एखादी लाल ओळ का गेली ते सांगता आलं नाही, तर कमिट करू नका.