होम स्टडीची गृहभेट : नाशिकच्या घरात काय तपासून ठेवायचं

दत्तकासाठी घराला वेगळं लायसन्स वगैरे आपल्याकडे लागत नाही. केअरिंग्ज या दत्तकासाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून कागदपत्रं दिली की सोशल वर्कर घरी येतात, सगळ्यांशी बोलतात, घर पाहतात आणि होम स्टडीचा, म्हणजे घर आणि कुटुंब दत्तकासाठी योग्य आहे का याचा, अहवाल लिहितात. २०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे कागदपत्रं पूर्ण दिल्यापासून ६० दिवसांत हे काम व्हायचं असतं आणि झालेला अहवाल ३ वर्षं चालतो. जिल्ह्यात विशेष दत्तक संस्थेचे किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे सोशल वर्कर भेटीला येतात. घारपुरे घाटावरचा आधाराश्रम ही नाशिकची या कामातली जुनी संस्था.

आधी एक भीती दूर करू. घर भाड्याचं आहे, सिडकोतलं छोटं रो-हाऊस आहे, बाळाला वेगळी खोली नाही, यातल्या कशानेही अर्ज अडत नाही. रंगकाम, नवा सोफा, कार्टूनचे पडदे यांवर पैसे घालवू नका. पाळणाही आत्ताच आणू नका. लहान बाळासाठीची प्रतीक्षा काही वर्षांची असते आणि रिकामा पाळणा इतके दिवस घरात पाहणं जड जातं. तेच पैसे गॅलरीच्या रेलिंगवर आणि विजेच्या बोर्डावर लावा.

सगळ्यात जास्त लक्ष पाण्याकडे द्या. नाशिकमध्ये रो-हाऊस आणि बंगल्यांच्या पार्किंगमध्ये जमिनीखाली टाकी असते आणि तिचं पत्र्याचं झाकण बहुतेक वेळा नुसतं टेकवलेलं असतं. त्याला कोयंडा आणि कुलूप लावा, किल्ली उंच खिळ्यावर ठेवा. गंजून कड खाल्लेलं झाकण कुलूप लावूनही उपयोगाचं नाही, ते बदला. बाथरूममधलं भरलेलं पिंप आणि रात्रभर भरून ठेवलेली बादली हा मोठा धोका, कारण रांगणाऱ्या बाळाचं डोकं जड असतं. तोल जाऊन आत पडलं की त्याला स्वतःला वर उचलता येत नाही, आणि त्यासाठी दोन-तीन इंच पाणीही पुरतं. बादली रिकामी करून पालथी ठेवायची, पिंपाला घट्ट झाकण आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून वरची कडी.

दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे मळ्यात राहणाऱ्यांसाठी शेततळं आणि विहीर हे पहिलं काम. शेततळ्याच्या प्लास्टिक कागदावर शेवाळ धरतं आणि पोहता येणारा मोठा माणूसही त्यावरून वर चढू शकत नाही. चारही बाजूंनी किमान पाच फूट उंच तारेची जाळी, कुलूपबंद फाटक आणि काठावरून आत सोडलेला गाठींचा दोर, एवढं हवंच. काटेरी तारेच्या दोन ओळी म्हणजे कुंपण नव्हे, मूल खालून सरपटत जातं. विहिरीला कठडा आणि वर लोखंडी जाळी करा.

द्राक्षबागेची औषधं घरात, पडवीत किंवा जिन्याखाली अजिबात नकोत. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे नवे कोंब, फुटावेत म्हणून लावतात ते हायड्रोजन सायनामाइड फार विषारी आहे, आणि उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत काढून ठेवायची सवय जीवघेणी आहे. औषधं मूळ डब्यात, घरापासून दूर, कुलपातच. मोजायचे मग आणि फवारणीचे कपडेसुद्धा तिथेच. शहरातल्या घरात हीच चूक टॉयलेटच्या ॲसिडची आणि थिनरची होते: कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून सिंकखाली ठेवायचं. मुलाच्या पोटात असं काही गेलंच तर उलटी करायला लावू नका, कारण ॲसिड वर येताना घसा दुसऱ्यांदा भाजतं. डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं.

देवघर सहसा कुणाच्या यादीत नसतं. ते जमिनीलगत असेल तर समई, काडेपेटी आणि कापूर मुलाच्या हाताशी येतात. खडीसाखर समजून कापूर तोंडात गेला तर लहान मुलाला थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. देवघर हलवायची गरज नाही. कापूर, वाती आणि तेल वरच्या फळीवर, आणि तेवती समई मोठं माणूस खोलीत असेपर्यंतच. आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या उशीखाली किंवा टीव्हीजवळ असतात, त्यांना कुलपाचा डबा करा. शुगरची एक गोळीही बाळाला घातक ठरू शकते. डांबरगोळ्या, बटण सेल, अंगणातली कण्हेर यांचाही विचार करून ठेवा.

गॅलरीच्या रेलिंगमध्ये दोन उभ्या गजांत चार इंचांपेक्षा जास्त फट नको. फट मोठी असली तर अंग निसटतं आणि डोकं अडकतं. जुन्या रेलिंगला आडवे पाइप असतील तर मूल ते शिडीसारखे चढतं, त्यामुळे आतून पॉलिकार्बोनेटचा शीट किंवा उभ्या पट्ट्या मारून घ्या. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मुलाचं वजन धरत नाही, तिच्यावर विसंबू नका. गॅलरीत खुर्ची, कुंड्यांचा स्टँड, जुनं कपाट काही ठेवू नका. खिडक्यांना ग्रिल पूर्ण बंद असेल तर आगीच्या वेळी बाहेर पडायला एक उघडणारी झडप असू द्या आणि तिची किल्ली कुठे आहे ते सगळ्यांना सांगून ठेवा.

जुन्या नाशकातल्या वाड्यात राहत असाल तर लाकडी जिना ही मुख्य अडचण. जिन्याच्या वरच्या टोकाला भिंतीत स्क्रूने पक्कं केलेलं छोटं फाटक लावा. नुसतं दाबून बसवायचं फाटक वरच्या टोकाला चालत नाही, मुलाने अंग टाकलं की ते मुलासकट खाली येतं. ते उघडायला हवं माडीच्या बाजूला, पायऱ्यांकडे नाही. सराफ बाजार, भांडीबाजार अशा गोदेच्या पुराचं पाणी शिरणाऱ्या भागात घर असेल, तर पाणी वाढू लागल्यावर मुलाला घेऊन कुठे जाणार हे ठरवून ठेवा. विचारलं तर नातेवाइकाचं घर आणि रस्ता सांगता आला पाहिजे.

वीज आणि गॅसचं काम एका दिवसात उरकतं. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसू लागताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते पाहा. खालचे सॉकेट झडपेचे करा. थंडीत पाण्याच्या बादलीत सोडायचा हीटर रॉड घरातून काढून टाका. गिझर ५० अंशांच्या आसपास ठेवा. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर, मोकळ्या हवेत हलवावाच लागेल. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी अशी की लोक खिडकी लावून अंघोळ करतात, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. सिलिंडरची सुरक्षा नळी दर ५ वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते. उभं कपाट आणि टीव्ही एल-पट्टीने भिंतीला अडकवा, कारण मुलं खणांच्या पायऱ्या करतात.

मोठ्या मुलासाठी, म्हणजे सहा-आठ वर्षांच्या, अर्ज असेल तर सॉकेटच्या झडपांपेक्षा वेगळ्या गोष्टी लागतात. त्याच्या हाती पोचेल असा कपाटाचा स्वतःचा कप्पा, अभ्यासाची जागा, आतून कडी लावता येणारं बाथरूम, आणि जवळच्या कोणत्या शाळेत घालणार याचं उत्तर. संस्थेत वाढलेल्या मुलाला स्वतःच्या वस्तूंची जागा फार मोलाची वाटते.

कागद एका फाइलमध्ये मूळ प्रती आणि झेरॉक्ससह ठेवा: जन्मदाखला, पॅन, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, लग्नाचा दाखला, वैद्यकीय दाखला, दोन ओळखीच्यांची पत्रं. एकट्या अर्जदाराने, आपल्याला काही झालं तर मुलाला सांभाळू असं नातेवाइकाचं हमीपत्र जोडावं. सर्वाधिक खोळंबा नावांमुळे होतो. पत्नीच्या काही कागदांवर माहेरचं नाव, काहींवर सासरचं. आधारवर गावचा पत्ता आणि राहणं इंदिरानगरला. लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि नोंदणीकृत भाडेकरार यांनी हे जुळवता येतं, पण भेटीआधी.

आता माणसं. अहवालात घराच्या वर्णनाइतकीच जागा नात्यांना, दत्तक का हवं याला आणि आजी-आजोबांच्या मताला असते. नवरा-बायकोशी वेगवेगळं बोलणं होतं. तिथे एकाने 'दोघांनी ठरवलं' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'हिच्या आग्रहाने' म्हणायचं, असं झालं की मामला थांबतो, आणि थांबायलाच हवा. सासूबाईंना भेटीच्या दिवशी सकाळी सांगू नका. त्यांच्या मनात 'कुणाचं रक्त, कोणती जात' हे प्रश्न असतील तर ते आधी मोकळेपणाने बोलले जाऊ देत. त्यांना उत्तरं पाठ करून देऊ नका. घरात आधीचं मूल असेल तर त्याच्याशीही बोलणं होतं, पाच वर्षांवरच्या मुलाची संमती लागते.

'मुलाला कधी कळूच देणार नाही' हे उत्तर सगळ्यांत जास्त चिंतेचं. मुलाला सत्य लहानपणापासून, त्याच्या वयाच्या भाषेत सांगायचं असतं, आणि ते शेजारपाजारच्या तोंडून कळण्याआधी. यावर आधी एकमेकांशी बोला. तसंच आजार, कर्ज, पूर्वीचा घटस्फोट, चालू असलेले वंध्यत्वाचे उपचार लपवू नका. नियंत्रणात असलेला थायरॉइड किंवा बीपी सांगितल्याने सहसा बिघडत नाही, लपवलेलं नंतर उघड झालं तर बिघडतं.

भेटीला एक-दोन तास धरा, दोघांनीही सुट्टी घ्या, टीव्ही बंद ठेवा. चहा पुरे; भेटवस्तू देऊ नका. फी ठरलेली असते, पावतीशिवाय कुणालाही पैसे देऊ नका. एखादं काम अर्धं राहिलं असेल तर तसं सांगा आणि तारीख द्या, झाल्यावर फोटो पाठवा. पुढच्या ३ वर्षांत घर बदललं, नोकरी गेली, कुटुंबात मृत्यू झाला किंवा गर्भ राहिला, तर ज्यांनी अहवाल केला त्यांना लगेच लेखी कळवा. मूल घरी आल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट होते, तेव्हा टाकीचं कुलूप आणि जिन्याचं फाटक जागेवरच असू द्या.