कॉफीच्या मगात ताक भरण्याआधी

होळी झाली की सोलापुरात सकाळी दहा-अकरालाच ऊन चटके देऊ लागतं. हिवाळाभर कॉफी वाहणाऱ्या ट्रॅव्हल मगात आता ताक, लिंबू सरबत, निदान गार पाणी न्यावंसं वाटतं. मग साबणाने घासून लख्ख केलेला असतो, पण पहिल्याच घोटाला शिळी कॉफी जिभेवर येते आणि ताक वाया जातं. मग फेकायची काही गरज नसते. थोडी तयारी करून बसलं तर ही चव जाते.

तयारीची सुरुवात वार ठरवण्यापासून करा. पहाटेच्या गाडीने पुण्याला जायचं असेल तर आदल्या रात्री हे काम काढू नका, त्याच्याही आदल्या रात्री काढा. एक रात्र भिजवायला लागते आणि एक दिवस वाळवायला. दुसरं म्हणजे नळाला पाणी कधी येणार ते बघा. आपल्याकडे मधे काही दिवस सोडून पाणी येतं, आणि सगळं मिळून एका मगाला चार-पाच लिटर पाणी सहज लागतं. टाकी तळाला गेलेली असताना हे काम काढलं की खळबळण्यात काटकसर होते, आणि चव नेमकी तिथेच मागे राहते. बोअरचं जड पाणी धुण्याला चालेल, पण शेवटचं विसळणं पिण्याच्या पाण्याने होईल एवढं पाणी बाजूला काढून ठेवा.

सामान सगळं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं. खायचा सोडा, लिंबूसत, लांब दांड्याचा बाटलीचा ब्रश, एक जुना पण मऊ टूथब्रश, दोन-चार टूथपिक आणि दोन वाट्या. तारेची घासणी आणू नका. तिने स्टीलवर बारीक ओरखडे पडतात आणि पुढच्या कॉफीचा थर त्यांतच धरतो. पांढरे कपडे धुवायचं क्लोरीनचं ब्लीचही नको. क्लोरीनने स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात, मग ते चांगल्यातलं 18/8, म्हणजे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेलं, का असेना.

हा वास साबणाला का दाद देत नाही, हे एकदा कळलं की पुढची सगळी कामं नीट होतात. कॉफीच्या बीत तेल असतं, अरेबिकात साधारण 15 टक्के, रोबस्टात त्याहून कमी. कागदी फिल्टरमध्ये ते बरंचसं अडतं. स्टीलच्या फिल्टरमधून मात्र ते सरळ पेल्यात उतरतं, आणि चिकोरी घातलेली दाट कॉफी करणाऱ्या घरांत फिल्टर स्टीलचाच असतो. हे तेल मगाच्या भिंतीला पातळ थराने चिकटतं, हवा आणि उष्णतेने खवट होतं. जिभेला लागते ती कॉफी नसते, कॉफीचं खवट झालेलं तेल असतं. त्यात आपली कॉफी दुधाची. दुधातलं स्निग्ध आणि प्रथिनं त्याच थरात मिसळतात, आणि वर जड पाण्याचा क्षार बसून सगळं पक्कं करतो. म्हणजे काढायच्या गोष्टी दोन आहेत. तेल-दुधाचा थर सोड्याने सुटतो, क्षार आंबट पदार्थाने. दूध डेअऱ्यांतली भांडी आणि नळ्या याच क्रमाने धुतात, आधी अल्कली, नंतर आम्ल. घरी आपण बहुतेकदा उलट करतो. तांब्या-पितळेला चिंच लावायची सवय असल्यामुळे लिंबू आधी हाताशी येतं. पण चिंच-लिंबू धातूवरचा काळपटपणा काढतात, तेलाला हलवत नाहीत. दोन्ही एकत्र टाकणं तर निव्वळ वाया, कारण सोडा आणि लिंबूसत एकमेकांना मारून टाकतात. नुसता फेस दिसतो, काम होत नाही.

आता झाकण. माझं स्पष्ट मत आहे की निम्म्याहून जास्त वास झाकणात असतो आणि लोक सगळा जोर स्टीलवर लावतात. स्टीलमध्ये वास मुरत नाही, तो फक्त वर बसतो. झाकणातली सिलिकॉनची रिंग मात्र तेल आणि वास आत ओढून घेते. म्हणून आधी रिंग काढायची. काढण्यापूर्वी मोबाइलवर झाकणाचा एक फोटो घ्या, कारण रिंगेला उलट-सुलट बाजू असते आणि उलटी बसली तर प्रवासात बॅग भिजते. सुरी किंवा टाचणी लावू नका, चमच्याच्या बोथट टोकाने अलगद उचला. रिंगेखालच्या खाचेत तपकिरी, चिकट रेघ दिसेल. ती टूथपिकने खरवडून टूथब्रशने घासा. पिण्याचं भोक उघड-बंद करणारी पट्टी असेल तर ती सुटते का बघा. काही झाकणांत तिच्याखाली दुसरी छोटी रिंग असते, ती हमखास विसरली जाते. सुटी झालेली सगळी अंगं एका वाटीत गरम पाण्यात चमचाभर सोडा घालून रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी रिंग नाकाशी धरा. अजून वास येत असेल तर फक्त रिंग, झाकण नव्हे, सोड्याच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळा. सिलिकॉनला उकळत्या पाण्याने काही होत नाही. प्लॅस्टिकचं झाकण मात्र वेडंवाकडं होऊ शकतं, आणि वेडं झालेलं झाकण परत घट्ट बसत नाही. एवढं करूनही रिंग वास सोडत नसेल, हाताला चिकट लागत असेल किंवा तिला चीर गेली असेल, तर तिचं आयुष्य संपलं. त्याच कंपनीची सुटी रिंग मिळते का ते आधी विचारा आणि मगच नवा मग घ्या.

झाकण भिजत घातलं की मगाकडे वळा. पहिलं पाणी गार हवं. दुधाचा अंश असताना एकदम कढत पाणी ओतलं तर प्रथिनं भिंतीला आणखी घट्ट धरतात. गार पाण्याने दोनदा खळबळून, साबण आणि ब्रशने एकदा घासून घ्या. नंतर अर्धा लिटरच्या मगाला एक मोठा चमचा शीग लावून खायचा सोडा टाका आणि गरम पाणी अगदी काठापर्यंत भरा. काठापर्यंत म्हणजे ओठ लागतो तिथपर्यंत, कारण वास तिथेही असतो आणि अर्धवट भरलेल्या मगात वरचा पट्टा तसाच राहतो. झाकण लावायचं नाही. गरम पाण्यात सोड्यातून वायू सुटतो आणि बंद मगात दाब धरून झाकण उडू शकतं. वर एखादी वाटी नुसती पालथी ठेवा. सकाळी पाणी चहासारखं पिवळट दिसलं तर समजा थर सुटतोय. ते ओतून ब्रशने तळाचा कोपरा घासा. मगाचं तोंड अरुंद असेल आणि ब्रश पोहोचत नसेल, तर मूठभर तांदूळ आणि थोडं कोमट पाणी घालून तोंडावर हात धरून जोरात हलवा.

फार जुना, वर्षभराचा काळा थर असेल तर सोडा कमी पडतो. त्याला कवळी धुण्याची गोळी चांगली लागू पडते. औषधाच्या दुकानात मिळते. कोमट पाण्यात एक गोळी, झाकण उघडं, अर्धा तास. त्यानंतर चार-पाच वेळा खळबळणं टाळायचं नाही.

सोडा पूर्ण धुऊन गेला की लिंबूसताची पाळी. एक लहान चमचा, मगभर कोमट पाणी, वीस मिनिटं. तळाशी पांढरट ठिपके असतात ते यातच जातात. जास्त वेळ ठेवून फायदा नाही.

काही गोष्टी मात्र करूच नका. दुहेरी भिंतीचा मग गॅसवर, उकळत्या पातेल्यात किंवा फ्रीझरमध्ये ठेवू नका. दोन भिंतींमधली पोकळी हवा काढून सीलबंद केलेली असते, ते सील गेलं की मग फक्त जाड पेला उरतो. रात्रभर अख्खा मग बादलीत बुडवूनही ठेवू नका, बुडाच्या पत्र्याखाली पाणी शिरतं. भिजवायचं ते आतून.

वाळवणं आपल्या गावात सगळ्यात सोपं. गच्चीवर किंवा माळवदावर मग आडवा, तोंड उन्हाकडे करून, रिंग आणि झाकण शेजारी सुटं ठेवा. धुळीसाठी वर पातळ सुती कापड टाका. आतून पुसायचं असेल तर नवा कोरा टर्किश टॉवेल घेऊ नका. आपले टॉवेल अंग पुसायला अव्वल, पण नव्याचे धागे सुटतात आणि मगात राहतात. जुनं धोतराचं किंवा साडीचं कापड बरं. संध्याकाळपर्यंत खाचेतला ओलावाही जातो. तो राहिला तर कॉफीच्या जागी कुबट वास येईल.

भरण्याआधी एक परीक्षा घ्या. फोटो बघून रिंग बसवा, मगात साधं गरम पाणी भरा, झाकण लावा, दहा मिनिटांनी झाकणातूनच एक घोट प्या. गार पाण्यात दडलेला वास गरम पाण्यात उघडा पडतो. त्याच वेळी मग उलटा करून गळतो का तेही पाहून होतं. घोटाला कॉफी लागली तर दोष जवळजवळ नेहमी रिंगेचा असतो, सोड्याची एक रात्र फक्त तिला द्या.

ताक भरताना ते गार असू द्या आणि मीठ बेताचं. खारट ताक सकाळपासून दुपारपर्यंत ठीक, रात्रभर स्टीलमध्ये नको. बंद मगात ते आंबून दाबही धरतं. मुक्कामी पोहोचल्यावर लगेच गार पाण्याने खळबळा, रिंग काढून धुवा. घरी आल्यावर मग फडताळात ठेवताना झाकण कधीही आवळून ठेवू नका, शेजारी सुटं ठेवा. आणि पुढच्या थंडीत कॉफी सुरू झाली की रिंग आठवड्यातून एकदा बाहेर काढत जा.