व्हॅली ऑफ फायर: एका दिवसात लाल खडक कसे पाहावेत

नेव्हाडातलं हे स्टेट पार्क लास व्हेगासच्या ईशान्येला साधारण ८० किलोमीटरवर आहे. स्वतःची गाडी हवी. पेट्रोल आधीच भरा आणि नकाशा फोनवर उतरवून घ्या, आत नेटवर्कचा भरवसा नाही.

ऑक्टोबर ते एप्रिल उत्तम. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि फायर वेव्हसारख्या काही पायवाटा बंद असतात.

सूर्योदयाला पोहोचून आधी माऊसेस टँकची पायवाट करा. जाऊन-येऊन सव्वा किलोमीटर, पण वाळूत पाय रुततात, चपला नकोत. दोन्ही बाजूंच्या काळपट खडकांवर प्राचीन कोरीव चित्रं आहेत. इथे रेंगाळाच! चित्रांना मात्र हात लावू नका, त्वचेच्या तेलकटपणाने ती खराब होतात.

फायर वेव्ह, सुमारे अडीच किलोमीटर, दुपार कलल्यावर ठेवा. तिरप्या उन्हात लाल-पांढरे पट्टे उठून दिसतात. लाली लोहाच्या ऑक्साइडची. वाटेत सावली जवळजवळ नाही. दिवसाला माणशी चार लिटर पाणी लागतं, आणि निम्मं संपलं की मागे फिरायचं. पावसाची चिन्हं असतील तर व्हाइट डोम्स या पायवाटेवरच्या अरुंद घळीत शिरू नका, पाण्याचा लोंढा अचानक येतो.