क्लास सुटू नये म्हणून: नागपूरच्या ऋतूंप्रमाणे कराटेचा सराव

क्लास सोडणारी माणसं बहुतेक ठरलेल्या जागीच गळतात. पहिल्या पंधरवड्यातली अंगदुखी, एप्रिल-मेचं ऊन आणि ग्रीन बेल्टच्या पुढचा लांबलचक टप्पा. या जागा आधीच माहीत असल्या तर तयारी करता येते. नुसत्या निर्धारावर मे महिना निघत नाही.

अंगदुखीचं गणित सोपं आहे. नवखा पहिल्याच दिवशी शेजाऱ्याचं पाहून शंभर बैठका मारतो, दुसऱ्या दिवशी कठडा धरून जिना उतरतो आणि तिसऱ्या दिवशी दांडी मारतो. अशी अंगदुखी २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवते आणि आपोआप ओसरते. म्हणून पहिले दोन आठवडे सर सांगतील त्याच्या निम्म्याच बैठका आणि निम्म्याच किक मारा, पण हजेरी पूर्ण ठेवा. दोन्ही मांड्या सारख्याच जड आणि ठणकत असतील तर हलका सराव चालतो. एकाच सांध्यात कळ येत असेल, सूज असेल, तर थांबा. गुडघा दुखण्याचं नेहमीचं कारण म्हणजे हवेत पूर्ण जोराने माए गेरी (समोर मारायची किक) मारून पाय झटक्यात ताठ करणं. हवेत मारताना शेवटी गुडघा किंचित वाकलेला राहू द्या आणि पाय लगेच मागे ओढा. पूर्ण जोर पॅडवर काढायचा.

दांडीची दुसरी मोठी वेळ म्हणजे ऐन निघतानाची दहा मिनिटं. बॅग रात्रीच भरून दाराजवळ ठेवा: ड्रेस, बेल्ट, एक लिटरची बाटली, टॉवेल, कोरडा टी-शर्ट. तरीही क्लास चुकलाच तर घरी बारा मिनिटांचा सराव करा. दोन मिनिटं सांधे मोकळे करणं, प्रत्येक पायाने २० माए गेरी, २० बैठका, १० दंड आणि येत असलेला एक काता (ठरलेल्या क्रमाच्या हालचालींचा संच) तीनदा: एकदा सावकाश, एकदा जोरात, एकदा डोळे मिटून. एवढ्याने कोणी तयार होत नाही, पण सवय तुटत नाही. एक दिवस चुकला तरी चालेल, लागोपाठ दोन चुकवू नका.

आता ऊन. मेअखेर नवतपा, म्हणजे ऐन उन्हाचे नऊ दिवस, लागला की पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि संध्याकाळचा क्लास सगळ्यात फसवा ठरतो. सूर्य बुडाला तरी स्लॅब, टिनाचं शेड आणि पेव्हर ब्लॉक रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. शक्य असेल तर पहाटे साडेपाचला मैदानावर उभे राहा आणि सातच्या आत आटपा. हॉलमध्ये कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी हवी; ओली हवा बाहेर गेली नाही तर घाम वाळत नाही आणि अंग तापतच राहतं. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा ठेवा.

शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस रोजचा वेळ थोडा थोडा वाढवत न्या. सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी राहून आलात तर ही सवय पुन्हा करावी लागते. पाण्याचा अंदाज वजनकाट्यावर घ्या: सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून. एक किलो घटलं म्हणजे जवळपास एक लिटर पाणी गेलं. ते एकदम गटागटा न पिता पुढच्या दोन-तीन तासांत भरून काढा. सरावात दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच मोठे घोट पुरतात. घाम खूप जात असेल तर ओआरएस किंवा मिठाचं ताक घ्या. निघण्याआधी पाऊण तास एक केळं पुरे. तर्री पोहे परतताना खा. ते खाऊन किक मारल्या की छातीत जळजळ ठरलेलीच.

उन्हाळ्यात दोन मिनिटांच्या राउंडनंतर एकऐवजी दोन मिनिटं विश्रांती ठेवा आणि कुमितेपेक्षा (जोडीदाराशी लढतीचा सराव) काता व लवचिकतेवर भर द्या. डोकं दुखलं, मळमळ झाली, अंगावर काटा आला तर सराव तिथेच बंद. सावलीत बसा, ड्रेस सैल करा, मान आणि काखा ओल्या करून वारा घ्या. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा भोवळून पडला तर तो उष्माघात समजा: अंगावर पाणी ओतत राहा आणि तसंच लगेच दवाखान्यात न्या.

मुलांची गळती थोडी पुढे होते. मेच्या शिबिराला झुंबड असते. मग विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात, शाळा-ट्यूशनच्या वेळा बदलतात आणि क्लास मधेच लटकतो. शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधीच सरांशी बोलून नवी बॅच पक्की करा. पोळा, मारबत, गणपती, दसरा-दिवाळी याही सुट्या कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. ठरवून घेतलेल्या सुटीनंतर माणूस परततो. न ठरवलेली लांबतच जाते. आठवडाभर खंड पडला तर सत्तर टक्के जोराने सुरू करा, तीन आठवड्यांहून जास्त पडला तर पहिला आठवडा निम्म्याने. बुडालेला सराव एका दिवसात भरून काढायला गेलं की पोटरी धरते.

ग्रीन बेल्टनंतरची मरगळ सगळ्यात चिवट. सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी परीक्षा असते, पुढे हे अंतर वाढतं. कातेही लांबतात: शोतोकान या कराटेच्या शैलीत हेइआन शोदान या सुरुवातीच्या कात्याच्या हालचाली २१, तर पुढच्या बस्साई दाईच्या ४२. सराव तेवढाच, पण हाती काही लागत नाही असं वाटतं. अशा वेळी बेल्टऐवजी दुसरं माप हवं. भिंतीवर खडूने किकच्या उंचीची रेघ मारा आणि तारीख लिहा. महिन्यातून एकदा त्याच जागेवरून, त्याच बाजूने मोबाईलवर कात्याचा व्हिडिओ घ्या. आणि सहा आठवडे एकच दोष धरा.

समजा, झेनकुत्सू दाचीत (पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय सरळ ठेवून उभं राहणं) मागची टाच उचलली जाते. बहुतेकदा पोटरी आणि घोटा आखडलेला असतो, त्यात दोन पावलांमधलं अंतरही ताकदीपेक्षा मोठं. अंतर एक मूठ कमी करा. रोज भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ ठेवून प्रत्येक पोटरी ३० सेकंद, तीनदा ताणा. झटके देत ताणू नका. कात्यात टाच किती वेळा उचलली गेली ते वहीत लिहा. हा आकडा खाली येताना दिसला की परीक्षेची वाट पाहणं सुसह्य होतं.

पावसाळ्यात लोक वैतागतात ते न वाळलेल्या ड्रेसला. आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस क्लास असेल तर दोन ड्रेस घ्याच. ओला ड्रेस बॅगेत राहिला की वास येतो आणि जांघेत, पायाच्या बोटांत गजकर्ण धरतं. ते झालं तर बरं होईपर्यंत मॅटवर जाऊ नका, जोडीदारालाही लागतं. मेडिकलमधून मनाने आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज थांबते, पण बुरशी आतून पसरते, म्हणून थेट त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. तेवढे दिवस घरचा बारा मिनिटांचा सराव चालू द्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे इथले खरे कमाईचे महिने. पॅडचे राउंड, कुमिते, बेल्टची परीक्षा याच काळात ठेवा. फक्त डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे वॉर्मअपला पंधरा मिनिटं द्या आणि पहिल्या वीस किक कमरेखालीच मारा.