डोप पांढरी पडते? पावसाळ्यात कापडी विमानाचा पंख असा सुधारला

संग्रहालयासाठी आम्ही पुस मॉथ विमान दुरुस्त करतोय. १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत टपाल आणलं, ते याच जातीच्या विमानातून. चिकलठाण्याच्या शेडमध्ये पंखाच्या कापडावर डोप (कापड ताणून घट्ट करणारा लाखेसारखा लेप) मारली की थोड्याच वेळात दुधाळ डाग उमटायचे आणि तिथला थर ठिसूळ व्हायचा.

पॉलिश पेपरने घासलं, वरून आणखी हात मारला, डोपचा डबा बदलला. डाग पुन्हा हजर. जीव मेटाकुटीला आला होता.

दोष दमट हवेचा होता. थिनर झपाट्याने उडतो, कापड गार पडतं आणि हवेतली वाफ ओल्या थरावर बसते.

आधी फवारणीच्या कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं. डोपचे डबे आदल्या रात्रीच शेडमध्ये आणून ठेवले, म्हणजे डोप, पंख आणि हवा एकाच तापमानाला येतात. आर्द्रता ६० टक्क्यांखाली उतरेपर्यंत थांबलो. आपल्याकडे ती दुपारीच उतरते. मग एक भाग रिटार्डर (सावकाश उडणारा थिनर) आणि दोन भाग साधा थिनर मिसळून डागांवर अगदी हलका फवारा मारला. ओघळ येऊ द्यायचा नाही. थर मऊ होतो, अडकलेलं पाणी निघून जातं, पांढरेपणा डोळ्यांदेखत विरतो. पूर्ण वाळल्यावर डोपचा पातळ हात, त्यातही थोडा रिटार्डर.

हीटर मात्र जवळ आणू नका. नायट्रेट डोप भडकन पेटते. पंख्याचा झोतही थेट पंखावर नको.